बाजरीची भाकरी मोडते, पीठ कडू लागतं

प्रश्न : ताई, मी चेंबूरला राहते. कामावरून घरी पोचायला साडेसात वाजतात. यंदा भोगीला बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी मी करीन, असं सासूबाईंना कबूल केलंय. पण दुकानातून आणलेलं बाजरीचं पीठ कडवट लागतं आणि भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच मोडते. थोडी कणीक मिसळू का?

उत्तर : कणीक नको गं. मी माण तालुक्यातली. आमच्याकडे थंडीभर बाजरीच असायची, आणि लग्न होऊन परळच्या चाळीत आले तेव्हा माझ्याही भाकरीचे असेच तुकडे पडले. चूक हातात नव्हती, पिठात होती.

बाजरीत स्निग्धांश बराच असतो. दाणा अख्खा असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. दळलं की हवा लागते, पिठातलीच विकरं तो फोडायला लागतात आणि पीठ कडू होतं. अशा जुन्या पिठाला चिकटपणाही राहत नाही. मुंबईच्या दमट हवेत तर हे आणखी लवकर होतं. म्हणून दाणे आण, निवड आणि एका वेळी किलोभरच दळून आण. गिरणीवाल्याला ‘ज्वारीवर दळा’ असं सांगायला विसरू नकोस, नाहीतर आधीच्या दळणाचा गहू त्यात येतो. पीठ घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये ठेव आणि आठवड्याभरात संपव.

आता मोडण्याचं. बाजरीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, तो उकळत्या पाण्याने आणावा लागतो. एका भाकरीला पाऊण वाटी पीठ परातीत घे, मीठ घाल, मधोमध उकळतं पाणी ओतून उलथन्याच्या टोकाने कालव आणि पाच मिनिटं झाक. मग हाताला सोसेल तेव्हा गार पाण्याचा हात घेत तळहाताच्या टाचेने मळ. इथे घाई करू नकोस. गोळ्याच्या कडेला भेगा दिसेनाशा होईपर्यंत मळायचं. आणि एकेका भाकरीचंच पीठ मळ. चारांचं एकदम मळलंस तर शेवटच्या गोळ्याला परत भेगा जातात. थापताना तीळ पेरून हलक्या हाताने दाबून बसव, नुसते वर राहिले तर तव्यात गळून जळतात.

भाजीचं काम तुझ्या वेळेवर बेतून सांगते. पावटा आणि हरभऱ्याचे घाटे आदल्या दिवशी संध्याकाळी दादरला उतरून घे. मी कितीतरी वर्षं परतीच्या लोकलमध्ये मांडीवर पिशवी ठेवून शेंगा सोलल्या आणि शेजारच्या बायकांनी न मागता मूठमूठ सोलून दिल्या. सोललेले दाणे, ओले शेंगदाणे आणि गाजराचे तुकडे वाफवून ठेवलेस की सकाळी फोडणीत वांगी घालायची, ती अर्धी शिजली की बाकीचं. काळा मसाला, गूळ आणि चिंच बेताने. भाजलेल्या तिळाचं कूट मात्र सढळ हाताने घाल, रस त्यानेच दाटतो. बोरं आणि उसाचे तुकडे अगदी शेवटी, फक्त गरम होण्यापुरते.

सासूबाईंना पहिली भाकरी तव्यावरून थेट ताटात वाढ, वर लोण्याचा गोळा ठेवून. बाजरी गार झाली की कडक होते, त्यामुळे त्यांना आधी जेवायला बसव, तू मागून बस.