ऑपरेशन परदेशात, पण कॅथेटर कोण काढणार?

प्रोस्टेटच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी परदेशी जाण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं मूत्ररोग शल्यचिकित्सकांची आहेत.

प्रश्न : वय 66, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) 9, बायोप्सीत ग्लीसन (पेशी किती बिघडल्या याची श्रेणी, पहिला आकडा जास्त दिसणाऱ्या पेशींचा) 3+4. ज्या परदेशी रुग्णालयाशी बोलणं झालं ते म्हणतात, 'सोमवारी या, बुधवारी ऑपरेशन, पुढच्या सोमवारी परत जा.' एवढ्या दिवसांत हे होतं का?

ऑपरेशन होतं. रोबोटिक पद्धतीने केलं तर एक-दोन दिवसांत रुग्णालयातून सोडतातही. प्रश्न त्यापुढचा आहे. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशयाचं तोंड मूत्रमार्गाला शिवतात. ती शिवण भरून येईपर्यंत कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढणारी नळी, ठेवावा लागतो, साधारण 7 ते 10 दिवस, क्वचित 14. तुमच्या वेळापत्रकात तुम्ही पाचव्या दिवशी, कॅथेटर आणि पिशवीसकट विमानात बसणार. मग तो काढणार कोण? ज्यांनी शिवण घातली नाही, शिवताना काय अडचण आली हेही ज्यांना ठाऊक नाही, असे डॉक्टर. बरेच जण अशा रुग्णाला हात लावायला कचरतात, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही.

म्हणून परतीचं तिकीट कॅथेटर निघण्याच्या तारखेवरून ठरवा. शिवणीतून गळती असल्याची शंका असेल तर आधी मूत्राशयात एक्स-रेत दिसणारं औषध भरून फोटो काढतात. गळती दिसली तर कॅथेटर आणखी आठवडाभर राहतो. कॅथेटर काढल्यावर पहिल्या दोन दिवसांत काहींची लघवी तुंबते. काढला आणि त्याच संध्याकाळी विमानतळ गाठला, असं नको. मध्ये तीन-चार दिवस असू द्या. जाताना लांबचा प्रवास झाला असेल तर ऑपरेशनआधीही दोन-तीन दिवस हवेत. हे सगळं धरून मुक्काम अडीच ते तीन आठवड्यांचा होतो. तारीख बदलता येणारं तिकीट महाग पडलं तरी तेच घ्या.

दुसरी भीती पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची. कर्करोग, ओटीपोटातलं ऑपरेशन आणि तासन्‌तास एका जागी बसणं, तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो. तो टाके निघाले म्हणून संपत नाही, महिनाभर राहतो. म्हणूनच अनेकांना, विशेषतः लिम्फ नोड (लसीका ग्रंथी) काढले असतील तर, रक्त गोठू न देणारं हेपारिनच्या जातीचं इंजेक्शन रोज एक असं 28 दिवस देतात. इंजेक्शनं हातातल्या बॅगेत ठेवा, सोबत डॉक्टरांचं पत्र हवं. दाबाचे मोजे घाला, दर तासाला उठून चाला. एकाच पोटरीला सूज आली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर घरी पोचायची वाट पाहू नका.

आणि सामान! चार ते सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही. पट्ट्यावरून सूटकेस ओढून घेणारा माणूस सोबत हवा. व्हीलचेअर मागताना संकोच करू नका.

प्रश्न : यांना कॅथेटर असतानाच परत यावं लागणार आहे. वाटेत तो बंद पडला तर मी काय करायचं?

पिशवीत लघवी येईनाशी झाली की आधी नळी पाहा. ती मांडीखाली दबते, पट्ट्यात अडकते, पिळली जाते. पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच हवी, म्हणजे सीटवर शेजारी ठेवून चालणार नाही. विमानात चढण्याआधी ती रिकामी करा. नळीच्या बाजूने थोडी लघवी झिरपते ती बहुधा मूत्राशयाच्या आकडीमुळे. पण बाजूने झिरपतंय, पिशवी कोरडी आणि ओटीपोट टणक, असं झालं तर नळी गुठळीने बंद झाली असं समजा. दोन तास लघवी नाही म्हणजे ती आणीबाणी.

रुग्णालयातून निघण्याआधी 50 मिलिलिटरच्या सिरिंजने सलाइन हलक्या हाताने आत सोडून नळी मोकळी कशी करायची, हे परिचारिकेकडून स्वतः करून शिकून घ्या. जोर लावायचा नाही. तरीही नळी मोकळी झाली नाही तर जवळच्या रुग्णालयात जा आणि तिथे पहिलं वाक्य हे सांगा : 'प्रोस्टेट काढलंय, कॅथेटर परस्पर बदलू नका, मूत्ररोगतज्ज्ञांना बोलवा.' एरवी कॅथेटर बदलणं हे रोजचं काम, पण इथे नवी नळी अंदाजाने सरकवली तर तिचं टोक ताज्या शिवणीतून बाहेर घुसू शकतं. ती दुर्बिणीने पाहूनच घालावी लागते. हेच वाक्य, कॅथेटरचा नंबर (जाडी) आणि तो आत धरून ठेवणाऱ्या फुग्यात किती पाणी भरलंय हे एका कागदावर स्थानिक भाषेत लिहून घ्या. तो कागद पासपोर्टमध्ये ठेवा.

लघवी गुलाबीसर असणं चालतं. दाट लाल, गाठी असलेली चालत नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने रक्त पडतं. पण एनिमाही घेऊ नका, कारण गुदाशयाची भिंत त्या जखमेला अगदी लागून आहे.

प्रश्न : ग्लीसन 3+3, पीएसए 5.8. आमच्याकडे रोबोट नाही, म्हणून बाहेर जावं म्हणतो.

आधी ऑपरेशन लागणार आहे का ते विचारा. 3+3 या सौम्य श्रेणीत बहुतेकांना नियमित देखरेख पुरते : पीएसए, एमआरआय, ठरावीक काळाने बायोप्सी. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत सुमारे 1,600 पुरुष होते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या 15 वर्षांच्या निष्कर्षांत देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू 3 टक्क्यांच्या आसपास होते. आजार शरीरात पसरण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात जास्त होतं, हेही तितकंच खरं. पण विचार करायला वेळ आहे.

रोबोटचं म्हणाल तर ब्रिस्बेनच्या चाचणीत उघडी आणि रोबोटिक शस्त्रक्रिया समोरासमोर तपासली गेली. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत तीन महिन्यांनी लक्षणीय फरक नव्हता. रोबोटने रक्तस्राव कमी झाला. हात कुणाचा हे यंत्रापेक्षा मोठं. नुसत्या यंत्रासाठी विमान पकडू नका.

प्रश्न : वडिलांसाठी तीन रुग्णालयांकडून अंदाजपत्रकं मागवली आहेत. त्यांना काय पाठवायचं आणि काय विचारायचं?

नुसता अहवाल पुरत नाही, बायोप्सीच्या स्लाइड पाठवा. पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे) मागितले जाऊ शकतात. ग्लीसनबाबत दोन पॅथॉलॉजिस्टचं मत वेगळं पडू शकतं, आणि 3+4 चं 4+3, म्हणजे जास्त आक्रमक, झालं तर लिम्फ नोड काढायचे की नाही हेही बदलतं. एमआरआय मूळ डिजिटल स्वरूपात द्या, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो निरुपयोगी. पूर्वी दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडलं असेल किंवा हर्नियाची जाळी बसवली असेल तर सांगाच. त्याने ऑपरेशन अवघड होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं लिहा, त्या मनाने बंद करू नका. बायोप्सीनंतर सूज उतरायला बहुधा सहा आठवडे जाऊ देतात, तेही तारखेत धरा.

विचारायचं ते असं. रोबोट चालवण्याच्या कन्सोलवर प्रत्यक्ष कोण बसणार? गेल्या वर्षी त्यांनी स्वतः अशी किती ऑपरेशनं केली? वर्षभराने किती रुग्ण लघवीसाठी एकही पॅड न वापरता वावरतात? ('ताबा आला' यात काही जण रोजचा एक पॅडही धरतात, म्हणून प्रश्न असाच.) गाठ प्रोस्टेटच्या आत असूनही कापलेल्या कडेवर कर्करोग राहिल्याचं त्यांचं प्रमाण किती? पैशांच्या बाजूने लिम्फ नोड, पॅथॉलॉजी, कॅथेटर काढण्याची भेट, जास्तीचे दिवस आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर त्याचा खर्च, हे धरलेलं आहे का ते लेखी घ्या. साध्या प्रवास विम्यात ठरवून घेतलेले उपचार आणि त्यांतले बिघाड सहसा बसत नाहीत.

आणि जाण्याआधी इथल्या एका मूत्ररोगतज्ज्ञाला भेटून 'परतल्यावर तुम्ही पाहाल का?' असं विचारून होकार मिळवा. लिम्फ नोड काढल्यावर साचणारं पाणी दोन-चार आठवड्यांनी, म्हणजे घरी आल्यावर त्रास देतं : ताप, ओटीपोटात दडपण, पायाला सूज. परदेशातला सर्जन तेव्हा फोनवरच असतो.

प्रश्न : ऑपरेशनआधी पीएसए 9 होता. तीन आठवड्यांनी परत येताच तपासला तर 0.07. शून्य का नाही?

घाई झाली. रक्तातला पीएसए साधारण दर तीन दिवसांनी निम्मा होतो. 21 दिवसांत तो सात वेळा निम्मा झाला. 9 ला 128 ने भागा, 0.07 च येतं. म्हणजे जुना पीएसए अजून उतरतो आहे. पहिली तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, आणि पुढच्या सगळ्या शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा. तेव्हा तो 0.1 च्या खाली हवा. पुढे कधी 0.2 किंवा जास्त आला आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच राहिला, तर आजार परतल्याचं मानून रेडिएशनचा विचार होतो. त्या वेळी कडा, लिम्फ नोड आणि ग्लीसन नोंदलेला पॅथॉलॉजीचा अंतिम अहवाल लागेल. तो बहुधा तुम्ही निघाल्यानंतर तयार होतो, म्हणून आजच मागवून ठेवा.