लस घेतलेलेच जास्त आजारी कसे?

प्रश्न : लसीकरणाचा धडा प्रतिपिंडांच्या व्याख्येपाशी संपतो. मग मुलं विचारतात, "बाकी सगळ्यांनी घेतली, तर मी का घ्यायची?" विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज एकत्र आणून हे कसं शिकवावं?

उत्तर : त्या प्रश्नापासूनच सुरुवात करा. ३० मुलांना क्रमांक आणि घडी घातलेली चिठ्ठी द्या. चिठ्ठीत 'ल' असेल त्याने लस घेतलेली. पहिल्या डावात एकही 'ल' नको, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात २४. 'ल' नसलेल्या एकाला रुग्ण ठरवा. दर फेरीत प्रत्येक रुग्ण डब्यातून तीन क्रमांक काढेल. त्यांपैकी 'ल' नसलेले नवे रुग्ण. जुना रुग्ण बरा झाला, त्याला पुन्हा लागण नाही. नव्या रुग्णांचा आकडा फळ्यावर मांडत जा.

क्रमांक पुन्हा डब्यात टाकायला विसरू नका. 'कोणाला लागण द्यायची' हे मुलांवर सोडलं, तर ती मित्रांनाच निवडतात आणि खेळ फसतो. शिवाय एका डावावरून निष्कर्ष नको, कारण कधी कधी लस नसतानाही साथ योगायोगाने लवकर विझते. प्रत्येक डाव तीनदा खेळा.

आता गणित. एकापासून तिघांना लागण होत असेल, तर १ वजा १/३, म्हणजे सुमारे ६७ टक्के जण सुरक्षित झाले की साथ ओसरू लागते. गोवरात एकापासून १२ ते १८ जणांना लागण होते असं मानतात. त्यामुळे तिथे ९२ ते ९४ टक्के लागतात.

यानंतरचा डाव सर्वांत मोलाचा. 'ल' २४च ठेवा, पण उरलेल्या सहा जणांना एकत्र बसवा आणि लागण फक्त शेजाऱ्यांना होऊ द्या. टक्केवारी तीच, तरी त्या कोपऱ्यात साथ पसरते. समाज हा विषय इथे आपोआप येतो, वेगळं भाषण लागत नाही.

तंत्रज्ञानासाठी शीतसाखळी घ्या, म्हणजे लस तयार झाल्यापासून टोचेपर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. उष्णतेचा धोका मुलांना पटकन कळतो, गोठण्याचा सांगावा लागतो. धनुर्वाताच्या लसीत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ती गोठली की त्यांचे कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावरही लस पूर्ववत होत नाही.

प्रश्न : "आजारी पडलेल्यांत लस घेतलेलेच जास्त होते," असं एका विद्यार्थ्याने सांगितलं. काय उत्तर द्यावं?

उत्तर : त्याला खोडून काढू नका, तसं खरोखर घडू शकतं. २०० मुलं घ्या. १९० जणांनी ९० टक्के संरक्षण देणारी लस घेतली, १० जणांनी नाही. सगळ्यांचा रोगाशी संपर्क आला आणि लस नसलेले सगळे आजारी पडले असं धरा. आजारी किती? लस घेतलेले १९, न घेतलेले १०. पण १९० पैकी १९ आणि १० पैकी १०! भागाकार मुलांकडूनच करून घ्या. मग लस घेतलेले १०० धरून तेच उदाहरण पुन्हा सोडवायला सांगा : एकूण आजारी २९ वरून ११० वर जातात.