बर्फात धावणारी लेक आणि कोल्हापुरातली आई

“मॅडम, पोरगी बर्फात पळाय जातीया. छातीत गारठा बसंल की. न्यूमोनिया झाला तर तिकडं बघणार कोण?” माझ्याकडं सल्ला घ्यायला आलेल्या, कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या या आईची लेक कॅनडात टोरोंटोला शिकते. इथं असताना ती रोज पहाटे रंकाळ्यावर पळायची. तिकडं पहिला मोठा बर्फ पडला, तिनं पळतानाचा फोटो पाठवला आणि घरात भांडण पेटलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी “काळजी करू नका” म्हणून काही साधत नाही. भीती सुटी करून तपासावी लागते. बाहेरची हवा नाक, घसा, श्वासनलिका असा प्रवास करता करता कोमट आणि दमट होते, म्हणून फुफ्फुसं गोठत नाहीत. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो, थंडीत पळाल्यामुळे नाही. एवढं ऐकूनही आईचा चेहरा सैल झाला नाही. दुसऱ्या भेटीत कारण कळलं. लेकीला लहानपणी बाळदमा होता आणि कित्येक रात्री आईनं तिला मांडीवर बसवून काढल्या होत्या.

म्हणजे भीतीला आधार होता. थंड, कोरड्या हवेत दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसू शकतात. म्हणून आधी तिकडच्या डॉक्टरांना भेटायचं आणि त्यांनी सांगितल्यास पळण्याआधी इनहेलर घ्यायचा, असं ठरलं. घरातच दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, नाकातोंडावर पातळ गळपट्टी घ्यायची आणि छातीत शिट्टी वाजली तर तिथंच थांबायचं.

खरा धोका पायाखाली असतो, हे मात्र दोघींच्याही ध्यानात नव्हतं. दोन-तीन बोटं ताजा भुसभुशीत बर्फ असेल तर पाय बऱ्यापैकी धरतो. घसरवतो तो त्याच्या खालचा, काल वितळून रात्री पुन्हा गोठलेला काचेसारखा थर. पूल, उतार आणि गाड्यांच्या चाकांनी गुळगुळीत झालेले पट्टे तिथं जास्त दगा देतात. म्हणून रस्ता आधी चालून बघायचा, पावलं आखूड टाकायची, पाय शरीराच्या खालीच पडू द्यायचा. किलोमीटर मोजायचे नाहीत, वेळ मोजायचा. सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटं पुरे. घोट्याच्या वर बर्फ असेल तर पोटऱ्या आणि जांघा लवकर भरून येतात, तेव्हा सरळ चालावं. बुटांचे तळ खोल नक्षीचे हवेत. बर्फ कडक असेल तर वरून चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात.

आई जाड स्वेटर आणि सुती बनियन पाठवायच्या तयारीत होती. मायेनं केलेली ही चूक महागात पडते. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि पळणं थांबलं की तोच ओलावा अंग गार करतो. प्रत्यक्षापेक्षा दहा अंश जास्त तापमान आहे असं धरून कपडे घालावेत. पहिली पाच-दहा मिनिटं थोडी थंडी वाजली तर कपडे बरोबर आहेत. “मग पाठवू तरी काय?” लोकरीचे पायमोजे, हातमोजे आणि कानटोपी. पार्सलची यादी तिथंच झाली.

जाताना वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे घामेजलेल्या अंगानं परतताना तो पाठीवर येतो. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी सुट्टी, हे लेकीनंही मान्य केलं.

शेवटचं ठरलं ते संपर्काचं. तिकडं सकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात इथं संध्याकाळचे साडेपाच. निघताना रस्ता आणि परतायची वेळ कळवायची, आल्यावर एक मेसेज टाकायचा. आईनं मधल्या वेळात फोन करायचा नाही. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास गेला तर आधी लेकीला एक फोन, मग रूममेटला. रूममेटचा नंबर आईकडं नव्हता. तो त्याच बैठकीत मागवून घेतला.