प्राण्यांची संख्या फार घटली की आपसातल्या संकराने नेमकं काय बिघडतं?
प्रत्येक जिवात काही सदोष जनुकं दडलेली असतातच. आई-बाप दोघांकडून तेच जनुक आलं की दोष उघडा पडतो, आणि सगळेच भाऊबंद उरले की हे वारंवार होतं. फ्लोरिडातले प्युमा (मांजरकुळातले मोठे शिकारी प्राणी) बघा. १९९०च्या सुमारास जेमतेम २०-३० उरले होते. शेपटीचं टोक मुरडलेलं, पाठीवर केसांचा भोवरा, आणि कित्येक नरांचे वृषण खाली उतरलेलेच नसायचे. १९९५ साली टेक्सासहून ८ माद्या आणून सोडल्या; पुढच्या पिढ्यांत हे दोष कमी झाले, संख्याही वाढली.

पण एकदा नवं रक्त आणलं की काम झालं, असं नाही. अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटावर १९९७ मध्ये बर्फावरून एकच परका लांडगा आला; पण काही पिढ्यांत बहुतेक सगळे त्याच्याच वंशातले झाले आणि पुन्हा आपसातच संकर होऊ लागला. २०१६ पर्यंत तिथे दोनच लांडगे उरले: बाप-लेक, आणि वर सावत्र भाऊ-बहीणसुद्धा!