नाव नाही म्हणून फेंडर?

प्रश्न : मामा सत्तरच्या दशकात कॅम्पातल्या हॉटेलांत बँडमध्ये वाजवायचे. परवा त्यांच्या माळ्यावर एक इलेक्ट्रिक गिटार सापडली. नाव नाही, नंबर नाही. सहाही खुंट्या एकाच बाजूला, ओरखडे झेलणाऱ्या पांढऱ्या पट्टीखाली (पिकगार्डखाली) दोन बुजवलेली भोकं, केबल लावायची जागा गोल, पाच छिद्रांची. मित्र म्हणतो, ही अमेरिकेतल्या फेंडर कंपनीची प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीआधीचा नमुना, लाखोंची. खरं का? फोटो सोबत आहेत.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मित्राला चहा पाजा, पण त्याच्या भरवशावर सौदा करू नका. निनावी गिटार घेऊन दुकानात येणाऱ्याच्या तोंडी आधी फेंडर असते, मग दुसरी अमेरिकन कंपनी गिब्सन. सहा खुंट्या एका बाजूला असणं हा पुरावाच नव्हे. उलट, फेंडरच्या १९४९ च्या पहिल्या नमुन्याला खुंट्या तीन-तीन होत्या!

मला पटते ती पाच छिद्रांची सॉकेट. अमेरिकन गिटारीला पाव इंची जॅक असतो. पाच पिनांची डिन सॉकेट दिसते ती रशियन, झेक आणि पूर्व जर्मन गिटारींवर. फोटोत नटाला (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीला) लागून एक जादा फ्रेटही (मानेवरची धातूची आडवी पट्टी) आहे. त्या झीरो फ्रेटची चाल युरोपात नि जपानात सर्रास होती. माझा कौल पूर्व युरोपला.

खातरजमा करायची तर पिकगार्ड उघडून व्हॉल्यूमच्या पॉटची, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागाची, पाठ बघा. रशियन अक्षरं असतील तर विषय संपला. १३७ ने सुरू होणारा आकडा, समजा १३७६६२२, असेल तर पॉट अमेरिकेतल्या सीटीएस कंपनीचा, १९६६ च्या बाविसाव्या आठवड्यातला. पण ती जन्मतारीख पॉटची, गिटारीची नव्हे. आधी सोल्डर, म्हणजे तारांचे जोड, मूळचे आहेत का पाहा. पॉट मागाहून बदललेला असू शकतो.

बुजवलेल्या भोकांचं मात्र कुतूहल वाटतं. आतल्या कडेला रंग लागलेला असेल, तर ती रंगकामाआधीची, म्हणजे कारखान्यातली. कोरं लाकूड दिसलं, तर नंतर कुणीतरी पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) बदलला. बँडवाले हे उद्योग फार करत. मामांच्या जुन्या साथीदारांपैकी कुणी भेटलं, तर गिटार कुणाकडून आली ते विचारा. कागदपत्रं नाहीत तिथे तीच साक्ष.

तोवर पॉलिश, रंग काही नको. वाजवून बघायची असेल तर पाच पिनांची केबल तापकीर गल्लीत कुणीही बनवून देईल. जॅकसाठी नवं भोक मात्र पाडू नका.