श्रीमंत देशांकडे हवामान बदलाची भरपाई मागणे म्हणजे भीक मागणेच नव्हे का?

नव्हे. शेजाऱ्याने स्वतःच्या शेतातले पाणी आपल्या बांधावर सोडले आणि त्यात आपले पीक बुडाले, तर त्याच्याकडे मागितलेल्या पैशाला गावात कोणी भीक म्हणत नाही. आजवर जगाने जाळलेल्या कोळसा, तेल आणि वायूतून जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला गेला, त्यातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. लोकसंख्येने जगात सर्वांत मोठ्या असलेल्या भारताचा वाटा तीन ते चार टक्क्यांच्या आसपास आहे. आजही दर माणशी हिशोब केला तर आपले उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आणि अमेरिकनाचे सुमारे चौदा टन भरते. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन एकाच तागडीत घालू नका, असे पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच दिल्लीहून सांगितले होते.

तुमच्यासारखाच आक्षेप माझे थोरले चुलतभाऊ अनेक वर्षे घेत आले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला जो पूर आला, त्यात परंडा तालुक्यातील आमच्या गावची नदीकाठची जमीन खरडून गेली. पाणी ओसरल्यावर मी दादांच्या शेतात गेलो, तेव्हा काळी माती वाहून जाऊन खालचा पांढरट मुरूम उघडा पडला होता, पाइपलाइनचे तुकडे बाभळीत अडकले होते आणि विहीर कठड्यापर्यंत गाळाने भरली होती. वरच्या अंगाला जे थोडे सोयाबीन उभे राहिले होते, त्याच्या शेंगांतच कोंब फुटले होते.

दादा पुण्यात असतात. ही जमीन गावातले एक कुटुंब फार वर्षांपासून बटईने करते. बी-खताचा निम्मा खर्च त्यांचा आणि पेरणीपासून खुरपणीपर्यंतचे कष्ट सगळे त्यांचे. पंचनाम्याला तलाठी आले, तेव्हा बांधच उरला नसल्यामुळे गटाची हद्द कोणाला सांगता येईना. त्या घरच्या बाई चिखलातून पुढे चालत गेल्या आणि बांध कुठून कुठे जात होता, नदीने पात्र कुठे सोडले, हे त्यांनी पावलापावलाने दाखवून दिले. त्यांच्या सांगण्यावरून कागद भरला गेला आणि नाव सातबाऱ्याप्रमाणे दादांचे लागले. राज्य सरकारने ऑक्टोबरात ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख ठरले. आमच्या शेताचे जमिनीचे आणि पिकाचे असे दोन्ही पैसे खातेदार म्हणून दादांच्याच नावे.

सोसणाऱ्याच्या हाती पैसे न पोचण्याची हीच गोष्ट आता जगाच्या पातळीवर पाहा. २०२२ मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेखच्या जागतिक हवामान परिषदेत हानी आणि नुकसान निधी, म्हणजे हवामान बदलाने झालेल्या नुकसानीसाठी गरीब देशांना द्यायचा पैसा, मान्य झाला व पुढच्या वर्षी दुबईत तो सुरू झाला, पण त्यात सगळ्यांनी मिळून देऊ केलेल्या रकमा ८० कोटी डॉलरच्या आसपासच राहिल्या, म्हणजे अंदाजे सात हजार कोटी रुपये. आपल्या एका राज्याचे एका पावसाळ्याचे पॅकेज त्याच्या चौपटीहून मोठे होते. अझरबैजानमधील बाकूच्या परिषदेत २०२४ मध्ये विकसनशील देशांना वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे आश्वासन मिळाले, तेही २०३५ पर्यंत गाठायचे, आणि गरज मांडली गेली होती १,३०० अब्जांची. शिवाय जे येते त्यातले बहुतांश कर्ज असते. मराठवाड्यात ज्याला सगळे पोकरा म्हणतात, तो हवामान बदलाला तोंड देण्यासाठीचाच प्रकल्प. त्यासाठी जागतिक बँकेने २०१८ मध्ये दिलेले ४२ कोटी डॉलर आपल्याला फेडायचे आहेत. याला भीक म्हणणाऱ्याने आधी कोण कोणाला व्याज देतो ते तपासावे.

एका पुराचा सगळा दोष हवामान बदलावर टाकता येत नाही, हे मला मान्य आहे. नदीपात्रातली वाळू आपणच उपसली, पूररेषेत आपणच बांधकामे केली. परंतु हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, आणि मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. दुसरे असे की, माणशी दोन टनांची ती सरासरी आपल्याकडच्या श्रीमंतांना लपवते. भारताने स्वतःची जबाबदारी घ्यावी की नाही, या तुमच्या उपप्रश्नाला माझे उत्तर होकारार्थीच आहे, आणि ती जबाबदारी सातबाऱ्यापासून सुरू होते.

दादांचे म्हणणे असे की, बटईदाराला मदतीत वाटा दिला आणि त्याची कुठे नोंद झाली, तर उद्या कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर कायद्याने हक्क सांगेल. मराठवाड्यात १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याची ही धास्ती घरोघरी आहे आणि ती निव्वळ बहाणा नाही, हे मीही जाणतो. पण पैसे हातात देण्यासाठी सातबाऱ्यावर नाव चढवावे लागत नाही. जमीन दादांची गेली, तेव्हा जमिनीचे पैसे त्यांनी ठेवावेत. पीक मात्र दोघांचे बुडाले आहे, म्हणून पिकाच्या मदतीतला निम्मा हिस्सा त्या घरी पोचला पाहिजे. तुमच्या घरची जमीनही बटईने दिलेली असेल, तर पुढचा पंचनामा होण्याआधी हे आपसात ठरवून घ्या, कारण पैसे खात्यात आल्यावर विषय काढणाऱ्यालाच घरात भांडखोर ठरवले जाते. दादांनी अजून होकार दिलेला नाही आणि मी मागणे सोडलेले नाही.