वाचक विचारतात : व्हीएमच्या पोटात व्हीएम, मोजायचं कुठून?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : कारखान्यातल्या सर्व्हरवर लिनक्स आणि केव्हीएम (लिनक्सचा व्हीएम चालवणारा भाग) आहे. त्यात एक व्हीएम (यंत्राच्या आत चालणारं आभासी यंत्र), आणि नव्या मुलांच्या सरावासाठी तिच्या आत आणखी एक. आतल्या व्हीएममध्ये तोच प्रोग्रॅम कधी 41 सेकंद घेतो, कधी 58. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, कोणते काउंटर (घटना मोजणारे आकडे) बघावेत?

उत्तर : आधी मोजायची जागा बदला. मधल्या व्हीएमला सीपीयू मिळाला नाही, तर तो वेळसुद्धा आतल्या प्रोग्रॅमच्या नावावर चढतो. म्हणून मोजमाप तळच्या यंत्रावर करा, आणि सेकंदांच्या आधी एग्झिट मोजा.

एग्झिट म्हणजे गेस्टचं (व्हीएमचं) काम अडून ताबा हायपरव्हायझरकडे, म्हणजे तिला चालवणाऱ्या प्रणालीकडे, जाणं. हार्डवेअरला हायपरव्हायझर एकच ठाऊक, तो तळचा. त्यामुळे आतली व्हीएम अडली की ताबा मधल्याकडे न जाता थेट तळच्या कर्नलकडे येतो. काम मधल्याचं असेल तर तळचं कर्नल ते त्याच्याकडे सोपवतं. मधला ते उरकून आतल्याला पुन्हा सुरू करायला व्हीएमरिझ्यूम ही सूचना देतो, आणि तीही तळाशीच अडते. म्हणजे एका फेरीला निदान दोन एग्झिट.

तळच्या यंत्रावर रूट होऊन डीबगएफएसमधलं (कर्नलची आतली माहिती फायलींत दाखवणारी जागा) 'केव्हीएम' फोल्डर उघडा. प्रत्येक व्हीएमचं तिथे वेगळं फोल्डर असतं. नावात क्यूएमूचा (व्हीएम उभी करणारा प्रोग्रॅम) प्रोसेस क्रमांक, मग आडवी रेघ, मग आणखी एक आकडा. मधल्या व्हीएमचं फोल्डर निवडा. वरच्या फोल्डरातल्या फायलींत सगळ्या व्हीएमची बेरीज असते, तिथे शेजारच्या व्हीएमचे आकडे मिसळतात. ही चूक फार होते. आता प्रोग्रॅम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर 'एग्झिट्स' आणि 'नेस्टेड_रन' या दोन फायली वाचा आणि वजाबाकी करा. 'नेस्टेड_रन' म्हणजे मधल्याने आतल्याला किती वेळा यशस्वीपणे चालू केलं. ही फाइल दिसत नसेल तर कर्नल जुनं आहे.

समजा 'एग्झिट्स' 18,00,000 ने वाढले आणि 'नेस्टेड_रन' 3,00,000 ने. भागाकार 6. दोनाच्या जवळ असेल तर रचना ठीक आहे. सहा म्हणजे प्रत्येक फेरीमागे चार जादा एग्झिट, आणि ते कुठून आले ते लिनक्सच्या 'पर्फ' या मोजणीच्या साधनातल्या 'पर्फ केव्हीएम स्टॅट'ने बघायचं : आधी 30 सेकंद 'रेकॉर्ड', मग 'रिपोर्ट'. यादीत व्हीएमरीड आणि व्हीएमराइट (व्हीएमच्या स्थितीची नोंद वाचायच्या-लिहायच्या सूचना) वर आले, तर शॅडो व्हीएमसीएस (मधल्याला ही नोंद एग्झिटविना हाताळू देणारी सोय) बंद आहे किंवा प्रोसेसरमध्येच नाही. इंटेलमध्ये ही सोय 2013 च्या हॅसवेलपासून आली. एक्स्टर्नल इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला दिलेली हाक) वर असेल तर डिस्क, नेटवर्क आणि टायमरकडे बघा.

आणखी खोलात जायचं तर 'केव्हीएम_नेस्टेड_व्हीएमएग्झिट' आणि 'केव्हीएम_नेस्टेड_व्हीएमएग्झिट_इंजेक्ट' हे दोन ट्रेसपॉइंट (कर्नलमधल्या, घटना नोंदवणाऱ्या खुणा) मोजा. पहिला आतल्या व्हीएममधून झालेला एग्झिट दाखवतो, दुसरा मधल्याकडे सोपवलेला. दोन्हींतला फरक ढोबळमानाने तळानेच निस्तरलेल्या एग्झिटांचा. मात्र ट्रेसिंगलाही वेळ लागतो. ट्रेसिंग चालू असताना घेतलेली सेकंदं हिशेबात धरू नका, त्यासाठी वेगळी फेरी घ्या.

आणि हो, आतल्या व्हीएमचं क्लॉकसोर्स (ती वेळ कुठल्या घड्याळावरून घेते ते) तपासा. तिथे 'एसीपीआय_पीएम' निघालं तर प्रत्येक वेळी घड्याळ वाचताना एक एग्झिट होतो. वारंवार वेळ विचारणारा प्रोग्रॅम त्यानेच रखडतो.

प्रश्न (निपाणी) : मधल्या व्हीएममध्ये 'पर्फ स्टॅट' चालवलं की सायकल्सपुढे (प्रोसेसरच्या ठोक्यांच्या मोजणीपुढे) 'नॉट सपोर्टेड' येतं. तळाशी मात्र नीट चालतं.

उत्तर : मधल्या व्हीएमला पीएमयू (प्रोसेसरमधला मोजणी करणारा भाग) दिलेलाच नाही. क्यूएमूच्या सीपीयू ओळीत 'होस्ट' आणि पुढे 'पीएमयू=ऑन' लिहा आणि व्हीएम पूर्ण बंद करून सुरू करा; आतून रीबूट करून भागत नाही. तळाशी फक्त गेस्टच्या सायकल्स हव्या असतील तर इव्हेंटच्या नावापुढे कॅपिटल 'जी' लावा, होस्टच्या हव्या असतील तर 'एच'. एकाच वेळी खूप इव्हेंट मागितले की कर्नल ते आळीपाळीने मोजतं. शेजारी कंसात 100 पेक्षा कमी टक्के दिसले तर तो आकडा अंदाजाचा समजा. एनएमआय वॉचडॉग (कर्नल अडकलं का ते बघणारा पहारेकरी) हाही एक काउंटर अडवून बसतो, मोजताना तो बंद ठेवा.

प्रश्न (खानापूर) : लॅपटॉपवर आतली व्हीएम रिकामी बसली आहे, तरी मधली सीपीयू खाते. शिवाय पावसात वीज गेली की आकडे बदलतात.

उत्तर : पहिलं हॉल्ट पोलिंगमुळे. आतली व्हीएम थांबली तरी मधलं कर्नल, ती लगेच उठेल या आशेने, जास्तीत जास्त 2,00,000 नॅनोसेकंद फिरत राहतं. तळाला ते खरं कामच वाटतं. मधल्या व्हीएममधल्या केव्हीएमची 'हॉल्ट_पोल_एनएस' ही सेटिंग 0 करून बघा. सीपीयू सुटेल, उठायला मात्र किंचित उशीर लागेल. तिथलेच 'हॉल्ट_अटेम्प्टेड_पोल' (किती वेळा असं फिरलं) आणि 'हॉल्ट_सक्सेसफुल_पोल' (किती वेळा फळलं) हे काउंटर ताडून बघा; यश कमी असेल तर पोलिंग फुकट जातंय.

वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर जातो, सीपीयूची फ्रीक्वेन्सी उतरते आणि सेकंद वाढतात. एग्झिटचा भागाकार सहसा त्या प्रमाणात हलत नाही, म्हणून तो आधी टिपा. सेकंदच हवेत तर चार्जर लावून, गव्हर्नर (सीपीयूची फ्रीक्वेन्सी ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर ठेवून पाच फेऱ्या घ्या आणि मधला आकडा धरा.